हंगामी व्हिसा: पगार हा तिसरा प्रश्न

परदेशातल्या हंगामी कामाची जाहिरात फोनवर आली की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. महिन्याला किती पौंड, किती डॉलर, आणि त्याचे रुपये किती होतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे हेच. आमच्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला पगार हातात पडेपर्यंतचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे आधी विचारावं. त्यानंतर विचारावं की मालकाशी पटलं नाही तर व्हिसाचं काय होतं. या दोहोंची उत्तरं वाकडी असतील तर पगाराचा आकडा जाहिरातीतच बरा दिसतो.

गोव्यात हा विषय आत्ता निघण्याला कारण आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग होता आणि पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट. तो घेऊन माणसं लिस्बनला न थांबता थेट स्विंडन आणि साउथॉलला पोचली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. आता ज्याच्याकडे पदवी नाही, नर्सिंग किंवा संगणकाचं शिक्षण नाही आणि इंग्रजी जेमतेम आहे, त्याला ब्रिटनमध्ये कायद्याने काम करायला फार थोडी दारं उरली आहेत. शेतातला हंगामी कामगार हे त्यातलं एक. २०१९ मध्ये २,५०० व्हिसांवर सुरू झालेल्या या योजनेत २०२५ सालासाठी ४५,००० व्हिसा ठेवले गेले: ४३,००० फळं-भाज्यांसाठी आणि २,००० नाताळाआधीच्या कोंबडी-टर्कीच्या कामासाठी. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. बायको-मुलांना नेता येत नाही, मुदत वाढत नाही, तिथे राहून दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर जाता येत नाही.

हिशेब मांडल्याशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून तो मांडतो. दर एप्रिल २०२५ मधले धरले आहेत. २१ वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड. काम असो वा नसो, आठवड्याला किमान ३२ तासांचा मोबदला देण्याचं बंधन २०२३ पासून आहे; म्हणजे आठवड्याला ३९०.७२ पौंड. राहण्याच्या जागेपोटी मालकाला दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंत कापता येतात, म्हणजे आठवड्याला ७४.६२. ही जागा बहुधा शेताच्या कडेला उभा केलेला कॅराव्हॅन असतो आणि त्यात चार ते सहा माणसं. नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे तिथल्या सक्तीच्या सामाजिक विम्याचे, आठ टक्के आठवड्याच्या २४२ पौंडांवरच्या रकमेवर, म्हणजे साधारण १२ पौंड. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत प्राप्तिकर नसल्यामुळे या ३२ तासांच्या हिशेबात सहा महिन्यांच्या कमाईवर कर लागत नाही. मात्र रुजू होताना भरायचा फॉर्म चुकला तर पहिल्या आठवड्यापासून २० टक्के कापले जाऊ शकतात आणि ते सोडवायला अर्जफाटे करावे लागतात. सगळं नीट झालं तर हातात उरतात ३०४ पौंड. खाणंपिणं, फोन, आठवड्याच्या बाजाराची फेरी यांत ४० घालवले तर शिल्लक २६४.

आता दुसरी बाजू. पौंड ११५ रुपयांना धरू. व्हिसाची फी ३१९ पौंड, म्हणजे ३६,७०० रुपये. जाण्या-येण्याचं तिकीट समजा ७५,०००. पावसाळी कपडे, बूट, कागदपत्रं, फेऱ्या यांचे २५,०००. बेरीज १,३६,७००. ती फेडायला साडेचार आठवडे लागतात. यात एजंटाचे दीड लाख मिसळले की रक्कम २,८६,७०० होते आणि तीन टक्के महिना व्याजाने घेतलेली ही रक्कम फेडायला दहा आठवडे जातात. शिवाय पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी योजना-चालकाने, म्हणजे व्हिसाला प्रायोजक असलेल्या संस्थेने, दिली नसेल तर अर्जदाराच्या खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. ते दाखवण्यासाठी काढलेल्या उसनवारीचं व्याज वेगळं. याउलट व्हिसा आणि तिकीट मालकाने भरलं, तर माणूस पहिल्याच आठवड्यात कर्जातून मोकळा होतो. पगार तिन्ही वेळा एकच आहे, बदललं ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

आणि हंगाम कोणाच्या शब्दाने चालत नाही. व्हिसा सहा महिन्यांचा असला तरी काम सहा महिन्यांचं असेल असं कुठेच लिहिलेलं नसतं. ३२ तासांची हमी कामावर असेपर्यंतची आहे. उन्हाळा लवकर तापला, स्ट्रॉबेरी एकदम पिकून संपली, की मालकाला जूनमधली माणसं जुलैत नको होतात. ताशी किती किलो तोडायचे याचं लक्ष्य ठरलेलं असतं. ते सलग काही दिवस चुकलं की ताकीद, मग काढून टाकणं. समजा सहाव्या आठवड्याअखेर काम गेलं. तोवरची शिल्लक १,८२,००० रुपये आणि व्याजासकट कर्ज जवळजवळ तीन लाख. म्हणजे माणूस परदेशात राबून, विमानाने घरी येऊन, एक लाख सतरा हजारांच्या खड्ड्यात. तो घरी येईलच असं समजणारे अधिकारी फार भोळे म्हणायचे. मुदत संपल्यावर लपून राहणाऱ्यांबद्दल त्या देशांत जी ओरड चालते, तिच्यातला किती भाग या सावकारी व्याजाचा आहे, हे कोणी तपासत नाही. ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीने २०२४ मध्ये निदान दोन महिन्यांच्या पगाराची हमी द्यावी अशी शिफारस केली, ती याच हिशेबातून आली असणार.

एजंटाचे दीड लाख आम्ही उगाच फुगवून धरलेले नाहीत. ब्रिटनच्या कायद्यात काम मिळवून देण्यासाठी कामगाराकडून फी घेणं बेकायदा आहे. तरीही २०२२ च्या हंगामात इंडोनेशियातून आलेल्या कामगारांनी आपापल्या दलालांना हजारो पौंड मोजल्याचं उघडकीला आलं. ब्रिटनचा कायदा दलालाच्या गावात पोचत नाही आणि योजना-चालक म्हणतो की दलालाशी आमचा संबंध नाही. पैसे मात्र गेलेले असतात.

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ब्रिटनमध्ये व्हिसाला प्रायोजक शेतमालक नसतो, सरकारमान्य योजना-चालक असतो. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचं तर त्याच्याकडे अर्ज करायचा. त्याच्याकडे जागा नसली किंवा मर्जी नसली तर कामगाराला शेजारच्या शेतावर 'माणसं हवीत' अशी पाटी लागलेली दिसते, पण तिथे जाता येत नाही. अमेरिकेत बिगरशेती हंगामी कामांसाठी एच-२बी आणि शेतीसाठी एच-२ए हे व्हिसा थेट एका मालकाच्या अर्जावर मिळतात. त्या मालकाकडचं काम सुटलं की अमेरिकेत राहण्याचा आधारच सुटतो, अशी पद्धत कित्येक वर्षं होती. कर्ज आणि बांधिलकी ही दोन कलमं वेगवेगळी असताना सोसण्यासारखी आहेत. एकत्र आली की मालकाने शिवी दिली तरी माणूस गप्प बसतो, ओव्हरटाइम बुडवला तरी गप्प बसतो, गळक्या कॅराव्हॅनबद्दल बोलत नाही. त्यासाठी कोणी मुद्दाम दुष्ट असावं लागत नाही. रचनाच ते करून घेते.

अमेरिकेचा कायदा खर्चाच्या बाबतीत ब्रिटनपेक्षा पुष्कळ पुढे आहे, हे सांगायला हवं. एच-२बी मध्ये व्हिसाचा खर्च मालकाने पहिल्या आठवड्यात परत द्यायचा असतो. मुदतीचा अर्धा काळ काम झालं की येण्याचं भाडं मालकाचं. पूर्ण मुदत काढली किंवा मालकाने आधीच काढून टाकलं तर परतीचंही. करारातल्या तासांपैकी निदान तीन चतुर्थांश तासांचं काम किंवा त्याचा पगार प्रत्येक बारा आठवड्यांत द्यावाच लागतो. शेतीच्या एच-२ए मध्ये राहण्याची जागाही फुकट. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी दोन गोष्टी केल्या: काम सुटल्यावर ६० दिवस कायदेशीरपणे थांबून दुसरा मालक शोधता येतो, आणि नव्या मालकाने अर्ज दाखल करताच काम सुरू करता येतं. कामगाराकडून फी घेतली गेली तर ती दलालाने घेतली तरी मालकाचा अर्ज फेटाळला जातो, आणि पुढचं निदान एक वर्ष त्याचे अर्ज नाकारले जातात. अपवाद आहेत, पण मी काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. आमच्या मते सगळ्या हंगामी व्हिसांच्या कायद्यातलं हे सर्वांत कामाचं कलम. दलालाला पकडणं कठीण असतं. मालकाचा पत्ता सरकारकडे असतो.

या अमेरिकी व्हिसांसाठी पात्र देशांची जी यादी होती, तिच्यात भारत अनेक वर्षं नव्हताच. ती यादीही १७ जानेवारी २०२५ लाच गेली. त्यामुळे 'एच-२बी काढून देतो' म्हणणारे आता आपल्याकडेही फिरकतील. त्यांना विचारायचं एवढंच: मालकाच्या मंजूर अर्जाचा पावती क्रमांक दाखवा. तो क्रमांक नसेल तर दूतावासाचा फॉर्म भरूनही उपयोग नाही, कारण हा व्हिसा कामगार स्वतःहून मागूच शकत नाही.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण तिकडेही सुखाचं चाललेलं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या बागकाम कंत्राटदाराला १ एप्रिलपासून माणसं हवी असतील तर त्याने आधी त्या भागातला प्रचलित वेतनदर सरकारकडून ठरवून घ्यायचा. मग गरजेच्या तारखेआधी ७५ ते ९० दिवसांच्या खिडकीत श्रम खात्याकडे अर्ज करायचा. स्थानिक माणसं मिळत नाहीत हे जाहिराती देऊन सिद्ध करायचं, त्यानंतर स्थलांतर खात्याकडे अर्ज, त्यानंतर कामगारांच्या मुलाखती. एवढं करून वर्षाची मर्यादा ६६,०००, तीही ३३,००० च्या दोन सहामाहींत विभागलेली. एप्रिलच्या सहामाहीसाठी जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांत इतके अर्ज येतात की ते सोडत काढून गटांत लावले जातात. आपल्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे हंगामी झोपडीवजा रेस्टॉरंट, चालवणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल: शॅकच्या जागांची सोडत लांबली, ऑक्टोबर निघून गेला, आणि आणून बसवलेल्या स्वयंपाक्याचा पगार चालू. ज्या मालकाने एवढे सोपस्कार आणि एवढा पैसा ओतला, तो म्हणणार की माणूस दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याकडे गेला तर माझ्या तिकिटाचं काय? प्रश्न खरा आहे.

त्याचं उत्तर खर्च वाटून घेण्यात आहे. व्हिसा आणि तिकिटाचे मिळून १,११,७०० रुपये मालकाने भरले आणि करार २६ आठवड्यांचा आहे असं धरा. दर आठवड्याला त्यातले साडेचार हजारांहून थोडे कमी फिटतात. कामगार दहाव्या आठवड्यात गेला तर उरलेल्या सोळा आठवड्यांचा वाटा, साधारण ६९,००० रुपये, नव्या मालकाने जुन्याला द्यायचा. कामगाराच्या पगाराला हात लावायचा नाही. न्यूझीलंडच्या २००७ पासून चाललेल्या हंगामी योजनेत मालकांनी मिळून अर्ज करून एकच तुकडी पाळीपाळीने वापरण्याची सोय आहे आणि तिकिटाचा निम्मा खर्च मालकाचा आहे. तेव्हा मालकामालकांत हिशेब होऊ शकतो, हे काही स्वप्नरंजन नाही.

पण याहून मोठा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. कळंगुट-बागापासून पाळोळेपर्यंतच्या शॅक आणि रेस्टॉरंटांत काम करणारे कितीतरी पोरगे नेपाळचे. १९५० च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमामुळे त्यांना इथे ना व्हिसा लागतो ना परवाना. आज इथे, उद्या शेजारच्या शॅकमध्ये. अडवणारं कोणी नाही. व्हिसाने बांधलं नाही तर हंगाम कोसळेल असं म्हणणाऱ्यांनी गोव्याचा किनारा बघावा. परदेशी हंगामी कामगारांवर चालणारा आणि कोणालाही न बांधणारा हा व्यवसाय आहे, आणि तो बुडालेला नाही. ज्या पात्रांवाकडे, म्हणजे मालकाकडे, पगार वेळेवर आणि झोपायला कोरडी जागा असते, त्याच्याकडे तीच पोरं दर ऑक्टोबरला परत येतात. ज्याच्याकडे नसते, तो नोव्हेंबरात माणसं शोधत हिंडतो. माणूस टिकवायचा हा जुना मार्ग व्हिसाच्या शिक्क्यापेक्षा स्वस्त पडतो.

अर्थात नेपाळी पोराकडे मोकळीक असली तरी हातात कागद नसतो. लेखी करार, नोंदवलेलं वेतन, परतीचं भाडं यांतलं सहसा काहीच नाही. आणि नेमक्या याच गोष्टी गोव्याच्या दुसऱ्या एका हंगामी माणसाकडे आहेत: क्रूझ जहाजावर जाणाऱ्याकडे. सहा ते नऊ महिन्यांचा करार, मग सुट्टी, मग पुन्हा करार; आपल्याकडची अनेक घरं यावर उभी राहिली. २००६ च्या सागरी कामगार करारनाम्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल दर्यावर्दीकडून फी घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी (दर्यावर्दीची नोंदपुस्तिका) यांचा खर्च त्याचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. करार संपल्यावर घरी पोचवणं जहाजमालकावर. कंपनीने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून द्यावा लागतो, आणि त्या विम्याचा दाखला जहाजावर लावून ठेवावा लागतो. सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती. हे नियम वेटरलाही लागू आहेत आणि केबिन झाडणाऱ्यालाही. इथेही चोरून पैसे घेणारे एजंट आहेत, हे गोव्यात कोणाला नव्याने सांगायला नको. पण नौवहन महासंचालनालयाचा परवाना क्रमांक विचारला की निम्मे तिथेच गळतात, आणि पैसे घेतल्याचा पुरावा असला तर तक्रार करायला जागा आहे.

तेव्हा आमचं म्हणणं असं. जहाजावरच्या माणसाला खर्चाचं आणि परतीचं संरक्षण आहे, किनाऱ्यावरच्या नेपाळी पोराला मालक बदलण्याची मोकळीक आहे. चांगल्या हंगामी व्हिसात हे दोन्ही हवं. यांतलं एकच देणारा व्हिसा अर्धा आहे आणि दोन्ही नसलेल्या व्हिसावर आपल्या पोरांना पाठवू नये, मग तो देश कितीही श्रीमंत असो.

यात भारताच्या कायद्याचं काय? १९८३ चा उत्प्रवास कायदा अजूनही आखाताच्या साच्यात बसलेला आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर इसीआर, म्हणजे 'जाण्याआधी मंजुरी लागेल' असा शेरा, असतो, आणि ठरावीक १८ देशांत कामाला जाताना त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा करार चढतो, मालक नोंदवला जातो. २७५ रुपयांत दोन वर्षांचा किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षांचा दहा लाखांचा विमा उतरवला जातो. ब्रिटन, अमेरिका, पोर्तुगाल त्या १८ देशांत नाहीत, आणि आपली बहुतेक पोरं दहावी झालेली असतात. म्हणजे कुवेतला जाणारा आठवी पास गवंडी सरकारच्या नोंदीत असतो, आणि इंग्लंडमधल्या केंटच्या स्ट्रॉबेरी तोडायला निघालेला बारावी पास पोरगा कुठेच नसतो. ही मंजुरी सुरू झाली तेव्हा श्रीमंत देशांत शिकलेलीच माणसं जातील असं गृहीत होतं. ते आता खोटं ठरलं आहे. एक कलम मात्र सगळ्या देशांना लागू आहे: परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र हवं, आणि त्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता कामा नये. दीड लाख मागणारा माणूस नोंदणीकृत असो वा नसो, कायदा मोडतोच आहे. रोख रक्कम देऊन पावती न घेण्याची आपली सवय त्याला वाचवते.

सरकारा-सरकारांत करार झाला की सगळं मार्गी लागतं, असा एक समज आहे. कॅनडाची शेतमजुरांची योजना १९६६ पासून अशी चालते. जमैका आणि मेक्सिकोसारख्या देशांची सरकारं स्वतः माणसं निवडतात, त्यामुळे खाजगी दलालाला वाव कमी. ही तिची जमेची बाजू, आणि गोवा सरकारने तेवढी उचलावी. पण १९४२ ते १९६४ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातही करारच होता. त्यात सुरुवातीच्या वर्षांत मजुरांच्या वेतनातले दहा टक्के 'घरी गेल्यावर मिळतील' म्हणून कापले गेले आणि कित्येकांना ते कधीच मिळाले नाहीत. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये पोर्तुगालशी आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीशी मनुष्यबळाचे करार केले आहेत. युरोपीय संघाचा २०१४ चा हंगामी कामगार निर्देश तसा बरा आहे: मुदत पाच ते नऊ महिने, त्या मर्यादेत मालक बदलून मुदतवाढीची सोय, भाडं अवाजवी नको आणि ते पगारातून परस्पर कापायचं नाही. पण त्याच पोर्तुगालमध्ये, आलेन्तेजूतल्या ओदेमिरा भागात, २०२१ च्या कोविड लाटेत प्लास्टिकच्या हरितगृहांत राबणाऱ्या दक्षिण आशियाई मजुरांच्या खोल्या उघड्या पडल्या तेव्हा सरकारला दोन परगणे बंद करावे लागले आणि माणसं हलवायला एक पर्यटन संकुल ताब्यात घ्यावं लागलं. पोर्तुगीज पासपोर्टवर आपली माणसं लंडनच्या बाजूला गेली, आणि ज्यांचा पोर्तुगालशी कधी संबंध नव्हता ते नेपाळी, पंजाबी आणि बांगलादेशी तिथल्या रास्पबेरीत वाकले. इतिहासाला असली चेष्टा करायला आवडतं.

म्हणून कराराच्या फोटोपेक्षा त्याच्या परिशिष्टात काय आहे ते बघावं. गोव्यात अनिवासी भारतीयांसाठी वेगळं खातं आहे. कोणत्याही हंगामी भरतीला सरकारचं नाव लागण्याआधी त्या खात्याने जाहीर करायला हवं की खर्चाचा कोणता भाग मालकाचा, काम किती आठवड्यांचं हमखास, मालक बदलायचा अर्ज कोणाकडे आणि त्याला किती दिवसांत उत्तर. कराराची प्रत मराठीत आणि कोंकणीत, निघायच्या निदान तीन आठवडे आधी हातात. विमानतळावर सही करून घेतलेला करार हा करार नव्हे.

हे मागताना आपल्या जेट्टीवरचं काय, हा प्रश्न कोणीही विचारेल, आणि त्याला तो हक्क आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीनंतर मालिम, कुटबण, वास्कोच्या ट्रॉलरवर जी माणसं चढतात ती ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटकातून येतात. त्यांना व्हिसा लागत नाही, पण बाकी सगळं तेच आहे: ठेकेदारामार्फत उचल, हंगामापुरतं काम, मालकाने दिलेली जागा. आणि ती जागा बहुतेकदा ट्रॉलरच. २०२४ च्या पावसाळ्यात कुटबण जेट्टीवर कॉलरा पसरला आणि काही खलाशी दगावले. पिण्याचं पाणी आणि शौचालय या दोन गोष्टींची ती किंमत. केंटच्या गळक्या कॅराव्हॅनवर लेख लिहिणं त्या मानाने सोपं आहे.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता होता, महिन्याच्या वेतनाच्या निम्मा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत तो राहिला नाही; गावी जाण्या-येण्याचं भाडं मालकाने देण्याची तरतूद आहे. मात्र ती दहा किंवा अधिक परराज्यांतले कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू. पर्ससीन बोटीवर पंचवीस-तीस माणसं असतात, ती यात येतात. एकच साधा ट्रॉलर असलेल्या मालकाकडे बहुधा दहापेक्षा कमी असतात, तो बाहेर राहतो. हा उंबरठा मासेमारीसाठी खाली आणायचा, आणि प्रत्येक जेट्टीवर नोंदलेल्या खलाशांच्या संख्येप्रमाणे नळ आणि शौचालयं बांधून झाल्याशिवाय १ ऑगस्टला डिझेलचं अनुदान सोडायचं नाही, एवढं तर पणजीत बसूनही करता येतं. त्यासाठी लंडनच्या परवानगीची गरज नाही.